स्कॅन चुकीचा वाचला गेला, कॅन्सर उशिरा कळला: रुग्ण आणि घरच्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राहक आयोगासमोर वैद्यकीय निष्काळजीपणाच्या तक्रारी चालवताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहते. घरचे लोक जाडजूड फाइल घेऊन येतात. तीत बिलं असतात, पावत्या असतात, औषधांच्या चिठ्ठ्या असतात. ज्या स्कॅनवर सगळी तक्रार उभी राहणार, तो मूळ स्कॅन मात्र नसतो, आणि अनेकदा तक्रार करायची मुदतही संपत आलेली असते. म्हणून लोक मला जे प्रश्न विचारतात ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. कायद्याची माहिती भारतातली आहे, उदाहरणं जिथे महाराष्ट्र-गोव्यातली आहेत तिथे तसं सांगितलं आहे. तुमच्या प्रकरणाचा सल्ला कागद पाहूनच देता येतो, हे लक्षात असू द्या.

आईची मॅमोग्राफी नॉर्मल म्हणून रिपोर्ट आला. दहा महिन्यांनी तिसऱ्या स्टेजचा कॅन्सर निघाला. हा निष्काळजीपणाच ना?

असू शकतो. पण नुसत्या एवढ्यावरून तो सिद्ध होत नाही, आणि हे मी पहिल्याच भेटीत सांगते, कारण नंतर कळलं तर जास्त लागतं.

मॅमोग्राफीत प्रत्येक कॅन्सर दिसतोच असं नाही. स्तनाच्या ऊती दाट असतील तर त्या फिल्मवर पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते. काही गाठी दोन तपासण्यांच्या मधल्या काळातच वाढतात. शिवाय निदान झाल्यावर जुनी फिल्म पाहिली की डोळा थेट त्याच जागी जातो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या जुन्या प्रकल्पात असं आढळलं होतं, की फुप्फुसाच्या बाहेरच्या भागातल्या कॅन्सरपैकी सुमारे ९० टक्के गाठी आधीच्या एक्स-रेवरही होत्या. कुठे पाहायचं हे कळल्यावर त्या दिसल्या.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोगही सांगते. २४ रेडिओलॉजिस्टना, म्हणजे स्कॅन वाचून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांना, फुप्फुसाच्या सीटीमध्ये गाठी शोधायला सांगितलं. एका स्कॅनमध्ये सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं गोरिलाचं चित्र घातलं होतं. २० जणांना ते दिसलंच नाही. माणूस जे शोधत असतो तेवढंच त्याला दिसतं. डॉक्टरांचे वकील हाच मुद्दा मांडतील, म्हणून तो आधीच माहीत असलेला बरा.

कायद्याची कसोटी अशी आहे: त्याच विषयातल्या सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टरने, त्या दिवशी, त्याच्यासमोर असलेल्या माहितीवर जेवढी काळजी घेतली असती, तेवढी घेतली गेली का? इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलम खटल्यातून आलेली ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या निकालात स्वीकारली. निर्णय चुकला म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असं न्यायालय मानत नाही.

मग निष्काळजीपणा नेमका कशाला म्हणायचं?

स्कॅनच्या बाबतीत मला जिथे तक्रारीत दम दिसतो अशा काही गोष्टी सांगते.

गाठ स्पष्ट आहे, मोठी आहे, आणि दुसऱ्या कोणत्याही रेडिओलॉजिस्टला निदान माहीत नसतानाही दिसते. पेशंटने गाठ हाताला लागते असं सांगितलं होतं, चिठ्ठीवर तसं लिहिलंही होतं, तरी त्या जागेची वेगळी सोनोग्राफी झाली नाही. जुना स्कॅन तपासणी केंद्राकडेच होता, पण तुलना केली नाही. फोटो हलला होता किंवा पूर्ण भाग आला नव्हता, तरी पुन्हा न काढता 'नॉर्मल' लिहिलं. डावं-उजवं बदललं. दुसऱ्याच पेशंटचा रिपोर्ट जोडला गेला. रिपोर्टवर ज्यांची सही आहे त्यांनी स्कॅन पाहिलाच नव्हता, आधीच्या पेशंटचा मजकूर तसाच कॉपी झाला होता (गर्भाशय काढून टाकलेल्या बाईच्या रिपोर्टमध्ये 'गर्भाशय नॉर्मल' असं वाक्य सापडलं, तर ते सोन्यासारखं जपा).

आणखी एक प्रकार असतो. एक दोष सापडला की शोध तिथेच थांबतो. मूतखडा दिसला, रिपोर्ट झाला, आणि त्याच सीटीत मूत्रपिंडावर असलेली गाठ राहून गेली. हे मानवी आहे, पण स्कॅनमधला प्रत्येक अवयव पाहून नोंद करणं हा रिपोर्टिंगचा साधा शिरस्ता आहे. त्यामुळे अशा प्रकरणात बचाव करणं अवघड जातं.

आत्ता, आजच्या आज, काय करायला हवं?

उपचार. तक्रारीसाठी उपचार एक दिवसही थांबवू नका. त्याच डॉक्टरांवर विश्वास उरला नसेल तर दुसरीकडे जा. टाटा मेमोरिअलसारख्या ठिकाणी बाहेरचे स्कॅन आणि बायोप्सीच्या स्लाइड पुन्हा तपासल्या जातात, आणि त्या फेरतपासणीचा कागद पुढे तक्रारीतही उपयोगी पडतो.

त्यानंतर लगेच मूळ स्कॅन. इथे बहुतेकांची गफलत होते, म्हणून थोडं सविस्तर सांगते. मोठ्या पाकिटात मिळते ती फिल्म म्हणजे स्कॅन नव्हे. सीटी किंवा एमआरआयमध्ये शेकडो चित्रं असतात, फिल्मवर त्यातली निवडक छापतात. गाठ जर न छापलेल्या चित्रात असेल तर फिल्म कितीही निरखली तरी दिसणार नाही. तुम्हाला हवी आहेत ती डायकॉम (स्कॅन मशीनच्या मूळ डिजिटल फाइल) स्वरूपातली सगळी चित्रं, सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर. त्यात तारीख, वेळ, पेशंटचा क्रमांक ही माहिती प्रत्येक चित्रासोबत असते. व्हॉट्सॲपवर पाठवलेले फिल्मचे फोटो या कामाला चालत नाहीत.

सीडी मिळाली की त्याच दिवशी कॉम्प्युटरवर आणि आणखी एका जागी तिची प्रत करा. हल्लीच्या बऱ्याच फिल्म उष्णतेवर छापलेल्या असतात आणि उन्हात, गाडीच्या डिकीत किंवा गॅसजवळच्या कपाटात काळ्या पडतात. त्या थंड, कोरड्या जागी सपाट ठेवा.

'रिपोर्टमध्ये दुरुस्ती करून देतो, जुना घेऊन या' असं केंद्राने म्हटलं तर मूळ रिपोर्ट हातचा सोडू नका. झेरॉक्स द्या. सुधारित रिपोर्ट आला तर दोन्ही ठेवा.

शेवटी एका वहीत तारखा लिहून काढा: त्रास कधी सुरू झाला, कोणाला काय सांगितलं, स्कॅन कधी, रिपोर्ट कधी, पुढे कोणी काय सांगितलं. आठवण ताजी आहे तोवर.

केंद्र किंवा हॉस्पिटल रेकॉर्ड देत नाही. म्हणतात, सिस्टीममधून डिलीट झालं.

मागणी तोंडी करू नका. अर्ज लिहा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवा. डॉक्टरांच्या वर्तनाबाबतच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपावं लागतं, आणि पेशंटने किंवा त्याच्या वतीने अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांत द्यावं लागतं. ओपीडीत केलेल्या स्कॅनला नियमातले हे शब्द थेट लागू होत नाहीत असा वाद घातला जातो, म्हणून तर जितक्या लवकर मागाल तितकं चांगलं. तरीही दिलं नाही, तर आयोगाकडे ते हजर करण्याचा आदेश मागता येतो, आणि रेकॉर्ड दडवल्यास त्याचा विपरीत अर्थ काढा अशी विनंतीही करता येते.

बाबांना टीबी म्हणून सहा महिने गोळ्या दिल्या. शेवटी फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. याला चूक म्हणायचं का?

आपल्याकडे हा प्रकार फार आढळतो. टीबीचे पेशंट खूप, एक्स-रेवर दोन्हींचे डाग सारखे दिसू शकतात, खोकला, वजन घटणं, थुंकीतून रक्त ही लक्षणंही तीच. त्यामुळे पहिल्या एक्स-रेवरून टीबीचा संशय घेणं चूक ठरणं कठीण आहे.

मी पाहते ते त्यानंतरचं. थुंकीची तपासणी झाली का? ती निगेटिव्ह आल्यावरही एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, का सुरू ठेवली? दोन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला का, आणि डाग कमी होण्याऐवजी वाढला असेल तर सीटी किंवा बायोप्सीचा विचार झाला का? वय पन्नाशीच्या पुढे, वर्षानुवर्षांची बिडी, हे केसपेपरवर लिहिलेलं असूनही कॅन्सरची शंका एकदाही का आली नाही? पहिल्या दिवशीचा अंदाज चुकला तर माफ होऊ शकतो. औषधाने फरक पडत नाही हे दिसत असताना चार-पाच महिने त्याच अंदाजाला धरून बसणं ही वेगळी गोष्ट आहे.

२०१० मध्ये व्ही. किशन राव विरुद्ध निखिल सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तक्रारदार पतीच्या बाजूने निकाल दिला. त्यात पेशंटला मलेरिया होता आणि उपचार टायफॉइडचे चालू होते. आजार वेगळा असला तरी चुकीच्या निदानाच्या तक्रारींत हा निकाल कामाला येतो.

रिपोर्टमध्ये 'पुढील तपासणी आवश्यक' असं लिहिलेलं होतं. आम्हाला कोणीच सांगितलं नाही.

माझ्या मावशीच्या बाबतीत हेच झालं. पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी नेहमीप्रमाणे छातीचा एक्स-रे काढला. रेडिओलॉजिस्टने उजव्या फुप्फुसात सावली आहे, सीटी करावा, असं शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. ऑपरेशन छान झालं, टाके निघाले, फाइल घरी आली आणि कपाटात गेली. चौदा महिन्यांनी खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी फाइल उलटून ती ओळ आम्हाला वाचून दाखवली. ती ओळ वाचताना त्यांचा आवाज बसला होता, ते मी विसरलेले नाही.

अशा वेळी स्कॅन चुकीचा वाचलेला नसतो. चूक असते ती निरोप न पोचण्याची. ज्यांनी तपासणी लिहून दिली त्या डॉक्टरांनी तिचा रिपोर्ट वाचणं आणि पेशंटला सांगणं हे त्यांचं काम आहे. डिस्चार्ज कार्डवर त्याचा उल्लेख नसेल तर तो मोठा पुरावा ठरतो. गंभीर काही दिसल्यास रेडिओलॉजिस्टने फोन करून कळवावं अशीही चांगल्या केंद्रांमध्ये पद्धत आहे.

उलट बाजूही सांगते. मॅमोग्राफीच्या रिपोर्टमध्ये बाय-रॅड्स नावाचा एक आकडा असतो. ० म्हणजे तपासणी अपुरी, आणखी चित्रं हवीत. ३ म्हणजे बहुधा साधी गाठ, पण सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. ४ आणि ५ म्हणजे बायोप्सी. डॉक्टरांनी ३ चा अर्थ समजावला असेल, तारीख लिहून दिली असेल, आणि पेशंट गेलीच नसेल, तर त्या उशिराचा वाटा आपल्याकडेही येतो. हे मनात ठेवून तक्रार लिहावी, लपवू नये. समोरच्याने ते पुढे आणलं की बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरही शंका घेतली जाते.

तक्रार कोणावर करायची? रेडिओलॉजिस्ट, केंद्र, की ज्यांनी पाठवलं ते डॉक्टर?

ज्यांच्या ज्यांच्या कामातून उशीर झाला त्या सगळ्यांना जाबदेणार (तक्रार ज्यांच्याविरुद्ध आहे ते) करा. केंद्र किंवा हॉस्पिटल आपल्या डॉक्टरांच्या चुकीला जबाबदार असतं. सविता गर्ग खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं, आणि डॉक्टरचं नाव तक्रारीत नसलं तरी केवळ त्या कारणाने ती फेटाळता येत नाही असंही म्हटलं. लहान गावांत मशीन तालुक्याला आणि रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर शंभर किलोमीटर लांब, असं हल्ली सर्रास असतं. तेव्हा रिपोर्टवरची सही, नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर नीट पाहा. बहुतेक डॉक्टरांचा व्यावसायिक विमा असतो. ती विमा कंपनीही पुढे पक्षकार होते.

डॉक्टर म्हणतात, 'लवकर कळलं असतं तरी काही फरक पडला नसता.'

अशा तक्रारी जिंकणं किंवा हरणं बहुतेक वेळा याच एका मुद्द्यावर ठरतं. कॅन्सर डॉक्टरने दिलेला नाही. उशिरामुळे जे अधिकचं नुकसान झालं तेवढंच त्यांच्याकडे मागता येतं. म्हणून तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: त्या दिवशी आजार बहुधा कोणत्या स्टेजला होता, निदान झालं तेव्हा कोणत्या स्टेजला होता, आणि या दोन्हींच्या उपचारात व आयुष्यात काय अंतर पडलं.

पुरावा बहुधा स्कॅनमध्येच असतो. जुन्या चित्रात गाठ १२ मिलिमीटर, काखेतल्या गाठी नाहीत. नव्या चित्रात ४० मिलिमीटर आणि काखेत पसरलेली. हे अंतर ऑन्कॉलॉजिस्ट (कॅन्सरतज्ज्ञ) लिहून देऊ शकतात: तेव्हा गाठ काढून स्तन वाचवता आला असता, आता पूर्ण स्तन काढून केमो आणि रेडिएशन लागलं. काही कॅन्सर इतक्या झपाट्याने वाढतात की सहा आठवड्यांच्या उशिराने खरंच फरक पडत नाही. तिथे मी लोकांना तक्रारीपासून परावृत्त करते.

इंग्लंडमधला एक निकाल या मुद्द्याची धार दाखवतो. काखेतली गाठ साधी म्हणून सोडली, ती लिम्फोमाची (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरची) निघाली, उशीर नऊ महिन्यांचा. वाचण्याची शक्यता ४२ टक्क्यांवरून २५ वर आली असं न्यायालयात मांडलं गेलं. २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने) ३ विरुद्ध २ मतांनी दावा नाकारला, कारण मुळातच शक्यता निम्म्याहून कमी होती. मला तो निकाल आजही कठोर वाटतो. १७ टक्के संधी गेली, तिची किंमत शून्य कशी? आपल्याकडे ग्राहक कायद्यात 'सेवेतील त्रुटी' हा स्वतंत्र मुद्दा आहे. त्यामुळे अशा परिस्थितीतही वाया गेलेला खर्च, मानसिक त्रास आणि वाढलेल्या वेदना यांची भरपाई मागता येते. ती तक्रारीत वेगळी लिहा.

मुदत किती? आम्हाला तर कळलंच दीड वर्षाने.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. प्रश्न असा, की कारण घडलं कधी: चुकीचा रिपोर्ट दिला त्या दिवशी, की कॅन्सर कळला त्या दिवशी?

यावरचा महत्त्वाचा निकाल आपल्याच भागातल्या प्रकरणातला आहे. गोव्यातल्या सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या एका परिचारिकेचं १९९३ मध्ये मुंबईत पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. पोटात गॉज राहिल्याचं २००२ मध्ये सीटीत दिसलं, २००४ मध्ये तिने तक्रार केली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व मान्य केलं: चूक लपलेली असेल तर ती कळल्यापासून, किंवा जागरूक माणसाला कळायला हवी होती तेव्हापासून, मुदत मोजता येते. पण तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली, कारण इतकी वर्षं पोट दुखत असताना, स्वतः परिचारिका असून, तिने ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडे विचारणा केली नाही.

तेव्हा व्यवहारात असं करा. दोन वर्षं शक्यतो रिपोर्टच्या तारखेपासून धरून चला. ती उलटून गेली असतील तर निदानाच्या तारखेपासून मोजा, आणि सोबत विलंब माफीचा अर्ज जोडा. त्यात केमोच्या तारखा, ॲडमिट असल्याचे कागद, सगळं लावा. वकिलाची नोटीस पाठवल्याने किंवा हॉस्पिटलशी पत्रव्यवहार चालू असल्याने मुदत थांबत नाही.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी: न्यूयॉर्क राज्यात २०१८ मध्ये झालेला लॅव्हर्न्स लॉ नेमका याच दुखण्यातून आला, छातीच्या एक्स-रेवरची गाठ न सांगितल्यामुळे. तिथे चुकलेल्या कॅन्सर निदानाची अडीच वर्षांची मुदत चूक कळल्यापासून मोजतात, कमाल सात वर्षं. इंग्लंडमध्ये साधारणपणे माहिती झाल्यापासून तीन वर्षं. तुमचा स्कॅन जिथे झाला तिथला कायदा लागू होतो.

तक्रार कुठे दाखल करायची, आणि फी किती?

ज्याला लोक अजून ग्राहक मंच म्हणतात त्याचं नाव आता जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. कोणत्या आयोगात जायचं हे तुम्ही किती भरपाई मागता यावर नाही, किती पैसे मोजलेत यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत मोजले असतील तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय आयोग. स्कॅनचे चार हजार आणि हॉस्पिटलचे सहा लाख दिले असतील, तर मागणी ८० लाखांची असली तरी जिल्हा आयोगच. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांत २०० रुपये.

तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. नांदेडच्या माणसाने स्कॅन पुण्यात केला म्हणून पुण्याला खेटे घालायला नकोत. ऑनलाइन दाखल करायची सोयही आहे, सध्या ई-जागृती पोर्टलवर. माहितीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यांचा क्रमांक १५१००.

स्कॅन सरकारी रुग्णालयात झाला. तिथे तर पैसे लागलेच नाहीत.

१९९५ च्या व्ही. पी. शांता निकालानुसार, जिथे सगळ्यांनाच सेवा पूर्ण मोफत आहे ते रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही. जिथे काही जण पैसे भरतात आणि काहींना मोफत मिळतं, तिथे मोफत उपचार घेणारेही ग्राहक ठरतात. विमा कंपनी किंवा मालकाने पैसे भरले असतील तरी तुम्ही ग्राहकच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हॉस्पिटलला पैसे मिळालेले असतात, त्यामुळे तिथेही हा युक्तिवाद करता येतो.

ग्राहक कायदा लागू नसेल तर दिवाणी न्यायालयाचा रस्ता उरतो. शासन आपल्या डॉक्टरांच्या चुकीला जबाबदार असतं. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये ऑपरेशनवेळी एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राज्य सरकारला जबाबदार धरलं. रक्कम होती ३६ हजार रुपये. तेहेतीस वर्षांनी.

कोणताच डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध लिहून द्यायला तयार नाही.

खरी अडचण आहे. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे वर सांगितलेल्या किशन राव निकालात म्हटलं आहे. चूक ढळढळीत असेल तर आयोग त्याशिवायही निर्णय देऊ शकतो. पण स्कॅन वाचण्याचा प्रश्न बारीक असतो. मत नसेल तर बहुतेक वेळा तक्रार लंगडी पडते.

दुसऱ्या शहरातल्या, शक्यतो सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या रेडिओलॉजीच्या प्राध्यापकांकडे जा. आणि जाताना त्यांना निदान सांगू नका. फक्त जुन्या स्कॅनची सीडी आणि त्या वेळची चिठ्ठी द्या, 'यात काय दिसतं ते लिहून द्या' एवढंच म्हणा. निकाल माहीत नसताना त्यांना गाठ दिसली, तर 'आता मागे वळून पाहिलं म्हणून दिसतं' हा समोरच्याचा बचावच संपतो. गाठ दिसली नाही, तर तुमची अनेक वर्षं वाचली. मत लेटरहेडवर, रजिस्ट्रेशन नंबरसह घ्या, आणि ते शपथपत्रावर देतील का हे आधीच विचारा. कोणीच मिळालं नाही तर सरकारी वैद्यकीय मंडळाकडून मत मागवावं असा अर्ज आयोगाकडे करता येतो.

भरपाई किती मिळते?

आकडा आधी सांगणाऱ्यापासून लांब राहा. वाढलेला उपचार खर्च, बुडालेलं उत्पन्न, वेदना, माणूस गेला असेल तर कुटुंबाचं नुकसान, तक्रारीचा खर्च, आणि त्यावर व्याज, असा हिशेब होतो. प्रत्येक रकमेला पावती हवी. मोठे निकाल आहेत: वेळेत तपासणी न झाल्याने अंध झालेल्या बाळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख दिले. त्या प्रकरणात आयुष्यभराचं अपंगत्व होतं, म्हणून त्यावरून स्वतःचा आकडा काढू नका. गृहिणीच्या कामाचीही किंमत मागा. आई कमावत नव्हती म्हणून तो रकाना कोरा ठेवणारे अर्ज मी पाहिले आहेत, आणि दर वेळी वाईट वाटतं.

पोलिसांत जावं का? मेडिकल कौन्सिलकडे?

पोलिस केस मृत्यू झाला असेल आणि चूक अतिशय गंभीर असेल तरच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये वैद्यकीय प्रक्रियेदरम्यानच्या निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास डॉक्टरांना दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण जेकब मॅथ्यू निकालाने घालून दिलेली पातळी उंच आहे, आणि आधी स्वतंत्र वैद्यकीय मत लागतं. चुकलेल्या स्कॅनच्या प्रकरणात ती पातळी क्वचितच गाठली जाते. संतापाच्या भरात केलेली पोलिस तक्रार फेटाळली गेली तर तो कागद आयोगात तुमच्याविरुद्ध वापरला जातो.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल (गोव्यात गोवा मेडिकल कौन्सिल) डॉक्टरची नोंदणी काही काळ रद्द करू शकते. पैसे देऊ शकत नाही. कौन्सिल आणि आयोग, दोन्हीकडे एकाच वेळी जाता येतं, मात्र कौन्सिलच्या निकालाची वाट पाहत आयोगाची मुदत घालवू नका.

रिपोर्टखाली छापलंय: 'न्यायालयीन कामासाठी ग्राह्य नाही.'

त्या ओळीने तुमचा तक्रारीचा हक्क जात नाही.

तडजोड होऊ शकते का?

आयोगामार्फत मध्यस्थीचा मार्ग इथे बंद आहे. २०२० च्या मध्यस्थी नियमांत मृत्यू किंवा गंभीर इजा झालेली वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणं वगळली आहेत. आपसात लेखी तडजोड करता येते. सही करण्याआधी 'यापुढे कोणताही दावा नाही' हे कलम वकिलाला दाखवा, विशेषतः उपचार अजून चालू असतील तर.

बाबा गेले. मी अमेरिकेत असतो. आता तक्रार करता येईल?

हो, कायदेशीर वारस म्हणून. आई किंवा भाऊ इथे असतील तर सगळ्या वारसांची नावं घालून त्यांच्यापैकी एकाला मुखत्यारपत्र द्या. मृत्यूचा दाखला घेताना कारणाचा वैद्यकीय कागदही मागून घ्या.

निकालाला किती वर्षं लागतात?

कायद्यात तीन ते पाच महिने लिहिलं आहे. प्रत्यक्षात अनेक वर्षं. जाबदेणाऱ्याला लेखी जबाबासाठी ३० दिवस आणि जास्तीत जास्त आणखी १५ मिळतात, ही मर्यादा मात्र २०२० मध्ये घटनापीठाने पक्की केली आहे, तिच्यावर लक्ष ठेवा. निकालानंतर राज्य आयोगात अपिलाला ४५ दिवस. हरलेल्या डॉक्टरला अपील करताना रकमेच्या निम्मे पैसे भरावे लागतात. पेशंट हयात असेल तर त्यांचं शपथपत्र पहिल्याच महिन्यात करून घ्या. हे बोलायला जड जातं, पण त्यांनी डॉक्टरांना काय सांगितलं होतं हे त्यांच्याइतकं कोणीच सांगू शकत नाही. तब्येत बिघडत असेल तर तारीख लवकर द्यावी असा अर्जही करा.

आता पुढचे स्कॅन करताना काय काळजी घेऊ?

जुन्या स्कॅनची सीडी दर वेळी सोबत न्या आणि 'तुलना करा' असं सांगा. गाठ कुठे लागते ते चिठ्ठीवर लिहून घ्या. रिपोर्टचा शेवटचा परिच्छेद तिथेच, काउंटरवर उभं राहून वाचा, आणि न कळलेल्या शब्दाखाली पेनाने रेघ मारून तो डॉक्टरांना दाखवा. मावशीची फाइल आता माझ्याकडे आहे. तिच्या त्या एका ओळीखाली अशी रेघ नव्हती.